पीचट्री स्ट्रीटवरची पेगी

मंडळी, आधीच कबूल करून टाकतो. अटलांटात येऊन सहा वर्षं झाली तरी मी 'गॉन विथ द विंड' वाचलं नव्हतं. आम्ही पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर! हजार पानांचं मॅन्युअल वाचू, पण हजार पानांची युद्धातली प्रेमकथा? नको रे बाबा! पण मिडटाउनमधल्या क्लायंटच्या ऑफिसातून जेवायला बाहेर पडलं की एक जुनं विटांचं घर दिसायचं. गेल्या वर्षी एकदा सहज आत शिरलो. संग्रहालय पाहिलं आणि येताना पुस्तक घेऊन आलो. पुढचे पंधरा दिवस बायकोशी धड बोललो नाही.

स्कार्लेटचा हट्ट, रेट बटलरचा बेरकीपणा, पेटलेलं अटलांटा, सगळंच जबरदस्त. पण मालक प्रेमळ आणि गुलाम समाधानी हे त्यातलं चित्र काही केल्या घशाखाली उतरेना. एवढं छान लिहिणाऱ्या बाईला हे दिसलं कसं नाही? म्हणून तिच्याबद्दल वाचायला लागलो.

मार्गारेट मिचेलचा जन्म ८ नोव्हेंबर १९०० चा, अटलांटातलाच. पुढे सगळे तिला पेगी म्हणू लागले. वडील वकील, आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं होतं, पण घरातल्या गप्पांत ते चालूच होतं. दक्षिणेकडून लढलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या मांडीवर बसून तिनं प्रत्येक लढाई ऐकली. फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, ती म्हणजे आपली बाजू हरली! ते कळलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला मोठाच धक्का बसला.

१९१८ साली ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात गेली. वर्गात एक कृष्णवर्णीय मुलगी आहे म्हणून तिनं वर्ग बदलून मागितला. ऐकलेल्या गोष्टी अशा आत मुरतात. त्याच ऑक्टोबरात, जिच्याशी लग्न ठरलं होतं तो तरुण लेफ्टनंट क्लिफर्ड हेन्री फ्रान्समध्ये लढाईत गेला. जानेवारी १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई आजारी पडली. पेगी ट्रेननं घरी पोचली, पण एक दिवस उशिरा. इथे मी वाचन थांबवलं. रात्री अवेळी भारतातून फोन आला की पोटात कसा गोळा येतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिक्षण सोडून ती वडिलांचं घर सांभाळायला लागली. १९२२ मधलं पहिलं लग्न लवकरच मोडलं. त्याच वर्षी ती 'अटलांटा जर्नल'च्या रविवार पुरवणीत बातमीदार झाली. १९२५ मध्ये तिनं जॉन मार्शशी लग्न केलं. गंमत बघा, हा पहिल्या लग्नात नवऱ्या मुलाचा पाठराखा होता! दोघं त्या विटांच्या घरातल्या तळमजल्यावर राहायला आली. जागा इतकी लहान आणि जुनाट, की पेगी तिला चक्क उकिरडा म्हणायची.

१९२६ मध्ये घोट्याच्या दुखण्यानं नोकरी सुटली. जॉन लायब्ररीतून पुस्तकांचे ढीग आणून दमला. शेवटी त्यानं टाइपरायटर आणून समोर ठेवला आणि आता तूच लिही म्हणून सांगितलं. पेगीनं आधी शेवटचं प्रकरण लिहिलं! प्रकरणं पाकिटांत भरून ठेवायची आणि कुणी आलं की टाइपरायटरवर टॉवेल टाकायची. नायिकेचं नाव तेव्हा स्कार्लेट नव्हतं, पॅन्सी होतं. १९३५ मध्ये मॅकमिलनचे संपादक हॅरॉल्ड लॅथम अटलांटात आले, तेव्हा तिनं तो सगळा ढीग त्यांच्या हवाली केला. तो न्यायला त्यांना नवी सूटकेस घ्यावी लागली. मागाहून तिनं घाबरून परत पाठवा अशी तार केली, पण तोवर ते वाचायला बसले होते.

३० जून १९३६ ला पुस्तक आलं आणि वर्ष संपायच्या आत दहा लाख प्रती गेल्या. १९३७ मध्ये पुलित्झर मिळालं. डिसेंबर १९३९ मध्ये सिनेमाचा पहिला खेळ अटलांटातच झाला. पण त्यातल्या हॅटी मॅकडॅनियलला तिथे येता आलं नाही, कारण थिएटर फक्त गोऱ्यांचं. पुढच्याच वर्षी तिला त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

आता खरी गोष्ट. अटलांटाचं मोरहाऊस कॉलेज कृष्णवर्णीय मुलांचं. तिथले अध्यक्ष बेंजामिन मेज. हे गृहस्थ १९३६-३७ च्या भारतभेटीत आपल्या वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटून आले होते. १९४० नंतरच्या काळात पेगीनं त्यांच्यामार्फत, आपलं नाव कुठेही येऊ न देता, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची फी भरली. दरम्यान तिच्या घरी काम करणाऱ्या बाईला कॅन्सर झाला, आणि कातडी काळी म्हणून तिला हॉस्पिटलात खाट मिळता मिळेना. हे पेगीनं डोळ्यांनी पाहिलं. वर्ग बदलून मागणारी मुलगी इथवर आली होती. पुस्तकातलं चित्र मात्र तिनं बदललं नाही, हेही खरंच.

११ ऑगस्ट १९४९ च्या संध्याकाळी नवऱ्याबरोबर सिनेमाला जाताना पीचट्री स्ट्रीट ओलांडत असताना भरधाव मोटारीनं तिला उडवलं. १६ तारखेला ती गेली. वय अवघं अठ्ठेचाळीस. दुसरी कादंबरी झालीच नाही. मेज यांच्यामार्फत दिलेल्या मदतीची गोष्ट तर लोकांना कित्येक वर्षांनी कळली.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. रोज रात्री गोष्ट सांगावी लागते. शिवाजी महाराज, बाजीराव झाले आणि आम्ही पानिपतावर आलो होतो. भाऊसाहेबांची फौज उत्तरेला निघाली, तिथेच मी दोन महिने गोष्ट थांबवून ठेवली होती. पेगीबद्दल वाचून झालं, त्या रात्री मी ती पुरी केली. १४ जानेवारी १७६१ ला आपण हरलो हे सांगितलं, आणि का हरलो तेही, मला जेवढं कळतं तेवढं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बाबा, उद्या पुढचं सांगा.