चित्रकार व्हायला निघालेला इंजिनिअर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

माझं घर पुलगावचं. गावाबाहेर काकांचं वावर आहे, वावरात विहीर आणि विहिरीवर एक जुनी मोटार. त्या मोटारीवर लोखंडात ओतलेली अक्षरं आहेत, किर्लोस्कर. लहानपणी मला वाटायचं की पाण्याच्या मोटारीलाच किर्लोस्कर म्हणतात, जसं वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मोटार चालू व्हायची, पण पाणी फेकायची नाही. काकांनी मोठ्या कौतुकाने मला बोलावलं, कारण घरात मेकॅनिकल शिकणारी मी एकटीच. मी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गप्प उभी राहिले. शेवटी शेजारच्या वावरातला सालदार आला. त्याने पाइप वर ओढला, खालच्या फुटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला काडीकचरा काढला, पंपात बादलीभर पाणी ओतलं आणि मोटार सुरू केली. धो धो पाणी! व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता, म्हणून पाइपातलं पाणी खाली उतरून जात होतं आणि पंप नुसती हवा घुसळत होता. प्रायमिंगवरचा पाच मार्कांचा प्रश्न मी परीक्षेत बरोबर सोडवला होता. विहिरीवर तो मला ओळखू आला नाही.

त्याच वर्षी माझा इंजिनिअरिंग ग्राफिक्सचा बॅक राहिला होता. शाळेत चित्रकलेत माझा पहिला नंबर यायचा आणि इथे प्रोजेक्शनमध्ये नापास! आपण चुकीच्या ठिकाणी आलो, हे मनातून जात नव्हतं. अशा मूडमध्ये लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हाती लागलं. खरं सांगायचं तर मोटारीवरचं नाव म्हणून उचललं. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्याने मराठी पुस्तक वाचायला मला वेळ लागतो. पण हे संपल्याशिवाय ठेववलं नाही, कारण पहिल्याच प्रकरणात कळलं की हा माणूस निघाला होता चित्रकार व्हायला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाने शिकून नाव काढावं ही घरची अपेक्षा, पण मुलाचं लक्ष शाळेच्या पुस्तकात नाही. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं बघणं. मोठे भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे दोन वर्षांत एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांतला फरक दिसतच नव्हता. ज्याला रंगांधळेपणा म्हणतात तो थोडा त्यांच्या डोळ्यांत होता. अठराएक वर्षांचा मुलगा, घरच्यांच्या मनाविरुद्ध मुंबईला आलेला, आणि त्याला कळतं की ज्यासाठी आलो ते आपल्याला कधीच जमणार नाही. हे काही अभ्यास वाढवून सुटणारं नव्हतं. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. तिथे रंग लागत नाही. लागतं माप, कोन, आणि वस्तू फिरवली तर दुसऱ्या बाजूने कशी दिसेल हे डोक्यात बघण्याची ताकद. ही ताकद त्यांच्याजवळ होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ज्या व्हीजेटीआयची कटऑफ बघून आपण सुस्कारे टाकतो तिथेच, त्यांना शिक्षकाची नोकरी लागली. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते स्वतः यंत्रं हाताळायला शिकले. परदेशी तांत्रिक मासिकं वाचायचा त्यांना नाद लागला. लक्षात घ्या, इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती आणि पुढेही कधी आली नाही.

याच काळात त्यांनी मुंबईत सायकल बघितली. तेव्हा ते नवलाचं वाहन होतं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवू लागले आणि रामुअण्णा तिकडे त्या विकू लागले. सायकल विकायची तर ती चालवायला शिकवणंही आलं, आणि त्या शिकवणीची वेगळी फी! दुकानावर पाटी लागली, किर्लोस्कर ब्रदर्स. कंपनी आपला जन्म १८८८ चा मानते तो इथूनच.

पुढे व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. कामात ते कमी नव्हते. पण राज्य इंग्रजांचं होतं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे सायकलीच्या धंद्याबरोबर छोटं वर्कशॉप सुरू झालं. पहिलं यंत्र निघालं कडबा कापायचं. जनावरांपुढे अख्खी पेंढी टाकली तर ती निम्मी तुडवतात. बारीक कापून टाकली तर वाया जात नाही. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागला नाही.

नांगराचं मात्र तसं झालं नाही. आपल्याकडचा लाकडी नांगर माती उकरतो, पण नीट उलटत नाही. हरळी आणि कुंद्याची मुळं जमिनीत खोल तशीच राहतात. काळ्या मातीत ज्यांची वावरं आहेत त्यांना हे सांगायला नको. लोखंडी नांगराचा फाळ माती खोल कापतो आणि त्यावरचा वळलेला पत्रा तो थर पलटी करून टाकतो. खालची मुळं वर येतात आणि उन्हात वाळतात. हे नांगर तेव्हा विलायतेतून यायचे. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास आपला नांगर तयार केला आणि तो घ्यायला कोणी पुढे येईना! लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली.

दोन वर्षं! आपला मिनी प्रोजेक्ट एका रिव्ह्यूत नापसंत झाला तरी आपण टॉपिक बदलतो. बरं, शेतकऱ्यांनाही मूर्ख म्हणता येत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट एका हंगामावर आहे तो अनोळखी वस्तू जमिनीत घालताना शंभरदा विचार करणारच. शिवाय ओतीव फाळाचं काम अवघड. मऊ राहिला तर झिजतो, फार कडक झाला तर दगडावर आपटून मोडतो. मटेरियलच्या तासाला हार्डनेस आणि टफनेस पाठ करताना मला कधी वाटलं नव्हतं की त्यावर कोणाचा हंगाम अवलंबून असतो.

नांगर हळूहळू खपू लागला तेवढ्यात १९१० च्या सुरुवातीला नवीन संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला वर्कशॉपच्या जागी नवी वस्ती वसवायची होती, म्हणून जागा खाली करायची. चाळिशीच्या माणसाने यंत्रं, भट्टी आणि कामगार घेऊन जायचं कुठे?

इथे त्यांचं तिसरंच काम उपयोगी पडलं, बांधकाम. आज कोणी सायकल विकणारा, नांगर करणारा आणि देवळाचा मंडप उभारणारा एकच माणूस आहे म्हटलं तर आपण हसू. पण लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात देवीच्या मंदिरापुढच्या सभामंडपाचं काम घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. औंधचं प्रसिद्ध वस्तुसंग्रहालयही पुढे त्यांनीच उभारलं. १९०९ मध्ये ते गादीवर आले होते. या चित्रकार राजाने काम करणाऱ्या माणसाची पारख केली. त्याने दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला.

माळ म्हणजे निवडुंगाचं रान आणि सापांचं राज्य. पाण्याचे हाल. मार्च १९१० मध्ये तिथे मंडळी उतरली. आधी निवडुंग तोडला, मग शेड, मग घरं. कारखाना आणि गाव बरोबरीने उभं राहिलं. आजच्या भाषेत लक्ष्मणराव या कामाचे प्रोजेक्ट मॅनेजर होते, पण त्यांची टीम बघा. गावाची आखणी आणि कारभार रामुअण्णांकडे. यंत्रांची निगा शंभोराव जांभेकरांकडे. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर हे शाळेत नापास झालेले, पण इथे कल्पक इंजिनिअर ठरले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. चोरी करणाऱ्याच्याच हातात राखण! त्या दोघांनी तो विश्वास शेवटपर्यंत पाळला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हा नियम होता, आणि हे सगळं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी.

मला वाटतं, रंग न दिसणारा डोळा माणसाच्या कपाळावरचे शिक्केही बघत नव्हता. नापास, दरोडेखोर, अस्पृश्य ही लेबलं बाजूला ठेवून समोरच्याला काय करता येतं एवढंच त्यांनी पाहिलं. कदाचित स्वतः चित्रकलेतून बाहेर पडावं लागल्याने आणि बढतीत डावललं गेल्याने त्यांना हे लवकर कळलं असेल. हा माझा अंदाज आहे.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसं विलायतेहून येणारं लोखंड बंद पडलं. ओतकाम थांबलं तर नांगर थांबणार. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निरुपयोगी तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. आमच्या पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे, त्यामुळे तोफ, गोळे, स्फोट हे शब्द आम्ही पाळण्यापासून ऐकतो. म्हणून असेल, पण तोफेचा नांगर झाला हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, आणि १९२६ मध्ये सेंट्रिफ्युगल पंप. काकांच्या विहिरीवरच्या मोटारीचा हा पणजोबा. मालाची जाहिरात व्हावी म्हणून १९२० मध्ये कारखान्याने एक मासिक काढलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेलं ते 'किर्लोस्कर' मराठीतलं मोठं मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' निघालं. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही सहाच मुली आहोत, तेव्हा नांगराच्या कारखान्यातून बायकांसाठी मासिक निघालं याचं मला विशेष कौतुक वाटतं. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन आला आणि त्याने हा उद्योग हरिहर, बंगळूर, पुण्यापर्यंत नेला. ज्या बापाला डिग्री नव्हती त्याने मुलाला एवढ्या लांब पाठवलं, कारण शिक्षणाची किंमत त्याला माहीत होती.

सगळं गोडच झालं असं नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली. स्वतः उभं केलेलं जळताना बघायचं, तेही ऐंशीच्या घरात असताना. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव केव्हाच किर्लोस्करवाडी झालं होतं.

आपल्या होस्टेलमध्ये रोज रात्री एकच चर्चा असते. कोणाला कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून सिव्हिल घ्यावं लागलं, कोणाला मेकॅनिकलचं शिकून भलत्याच कंपनीत जावं लागणार. जणू एकदा रूळ बदलला की गाडी संपली. लक्ष्मणरावांनी चित्रकला, शिक्षकी, सायकली, बांधकाम, ओतकाम आणि गाव वसवणं इतकी कामं केली. त्यातली निम्मी त्यांना नाइलाजाने धरावी लागली. पण आधीच्या कामात जे शिकले ते त्यांनी कधी टाकलं नाही. जे. जे. मधली रेघ नांगराच्या ड्रॉइंगमध्ये आली, दुकानातली चिकाटी नांगर विकताना आली, मंडपाच्या कामाने माळ मिळवून दिला. शाखा बदलली म्हणून माणूस कोरा होत नाही, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

बाकी माझं काय झालं ते सांगते. ग्राफिक्सचा पेपर मी पुन्हा दिला. अभ्यासाला या वेळी पुस्तकातले ठोकळे घेतले नाहीत. काकांच्या विहिरीवरच्या फुटव्हॉल्व्हचं वरून, समोरून, बाजूने आणि मधून कापून असं ड्रॉइंग काढलं. चार शीट फुकट गेल्या, पाचवी जमली. पेपर निघाला. ती पाचवी शीट काकांनी मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. परवा फोनवर म्हणत होते की पाणी पुन्हा कमी येतंय, तू कधी येतेस. या वेळी आधी पाइप वर ओढून बघणार आहे.