मोहोर जपणारे अर्देशिर गोदरेज

विक्रोळीची ओळख बनलेल्या गोदरेज उद्योगाचा पाया लालबागला घातला गेला. अर्देशिर गोदरेज (१८६८-१९३६) यांनी वकिली सोडून आधी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविली. त्यांवर भारतीय बनावटीची मोहोर ग्राहकाला नको होती. अर्देशिर यांनी मोहोर सोडली नाही, धंदा सोडला. १८९७ मध्ये ते कुलुपांकडे वळले. त्यांच्या डिटेक्टर कुलपात परकी किल्ली फिरविताच कळ अडके. मूळ किल्लीनेच ती सुटे. १९०२ मध्ये तिजोरी आली, १९०९ मध्ये स्प्रिंगविरहित कुलपाचे पेटंट मिळाले. विक्रोळीची जमीन बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये घेतली.  मोहोर जपण्यासाठीच अर्देशिर यांनी पहिला धंदा गमावला होता.