त्या बाटलीत जंतू आला कुठून?

सराव परीक्षेत एका मार्काचा प्रश्न येतो: प्लेगची लस कुणी तयार केली? चार पर्यायांतल्या ‘हाफकिन’वर तुम्ही डोळे झाकून खूण करता आणि पुढं सरकता. अणदूरच्या कॉलेजात असा नाहीतर एसटीनं सोलापूरला क्लासला जाणारे असा, गाईडमध्ये या माणसाला तेवढीच जागा. पण निर्जंतुकीकरणाचं जे प्रकरण आपण आदल्या रात्री घोकतो, त्याच प्रकरणावर या माणसाची नोकरी आणि अब्रू पाच वर्षं टांगणीला लागली होती.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. कॉलेजात शिकवायला मेचनिकोव्ह होते, म्हणजे फॅगोसायटोसिसवाले तेच. झारच्या रशियात ज्यू तरुणाला संशोधनात वर चढायला वाव नव्हता. म्हणून ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले आणि सुरुवातीला चक्क ग्रंथालयात काम केलं. तिथंच कॉलऱ्याची लस बनवली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पुण्यात याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा. गाठी आल्या की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही आठवण अजून कुणाच्या तरी तोंडी सापडेल.

ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या पातळ रशावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. बाटली हलवली की ते तळाला बसायचे, वर पुन्हा नवी वाढ व्हायची. मग पासष्ट-सत्तर अंशांवर तापवून जंतू मारायचे. मेलेला जंतू आजार देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथं सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली, बाकीच्यांनी नाही. सगळ्यांचं छप्पर एक, जेवण एक, दिनक्रमही एक. ‘कंट्रोल ग्रुप’ म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. लस घेतलेल्यांत प्लेग कमी निघाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात मोठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि लाखो डोस बाहेर पडू लागले.

आता खरा पेपर. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. हे एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीतले होते. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

तुम्ही चौकशी अधिकारी असता, तर काय म्हणाला असता?

परळवर संशय घ्यायला जागा होती, हे आधी मान्य करू. मागणी वाढल्यामुळं लस बनवायची रीत बदलली होती. त्यात कार्बॉलिक आम्ल टाकणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. सत्तर अंशांना प्लेगचा जंतू मरतो, धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत. चौकशी आयोगानं एवढ्यावरच बोट ठेवलं: बाटली परळलाच दूषित झाली असावी. हाफकिन यांचं पद गेलं.

पण बीजाणूंचं प्रकरण आणखी दोन पानं पुढं वाचा. कार्बॉलिकच्या तेवढ्या पातळ प्रमाणालाही हे बीजाणू दाद देत नाहीत, म्हणजे ते टाकलं असतं तरी फरक पडला नसता. दुसरं असं, की धनुर्वाताचा जंतू हवेशिवाय वाढतो. बूच मारलेल्या बाटलीत तो कित्येक आठवडे राहिला असता, तर भरपूर वाढला असता आणि उघडताक्षणी घाण वास आला असता. बाटली उघडताना तसा वास कुणालाच आला नव्हता. आणि तिसरी गोष्ट तर कागदपत्रांतच दडून होती. बूच काढायचा चिमटा मुल्कोवालच्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू राहतात कुठं? मातीत. हे तर आपल्याला शाळेतच शिकवतात.

हिवतापाचा डास शोधून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं त्यांना दोषमुक्त केलं.

दोषमुक्त केलं, पण परळ काही परत दिलं नाही. नेमणूक कलकत्त्याला झाली आणि माणसांवर नव्या लशीच्या चाचण्या करायची परवानगी मिळाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त होऊन युरोपला निघून गेले. लग्न केलं नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ते वारले. परळला गेलात, तर आचार्य दोंदे मार्गावर ती इमारत अजून आहे.