दगड वितळवणारे सर जेम्स हॉल

आपल्या घरचा पाटा-वरवंटा आणि जाते बहुधा काळ्या दगडाचे असते. हा दगड एके काळी पाकासारखा पातळ होता असे कुणी सांगितले, तर खरे वाटेल का? असा दगड भट्टीत वितळवून ज्यांनी पुन्हा दगड करून दाखवला, त्या सर जेम्स हॉल यांची माहिती मी लिहीत आहे.

हॉल यांचा जन्म १७ जानेवारी १७६१ रोजी स्कॉटलंडमध्ये डंग्लास येथे झाला. घराणे जमीनदाराचे. १७७६ साली वडील वारले आणि पंधराव्या वर्षीच जमीनजुमला व ‘सर’ ही पदवी त्यांच्याकडे आली. पण ते ऐषआरामात रमले नाहीत. पुष्कळ शिकले, युरोपात हिंडले, इटलीतले ज्वालामुखी डोळ्यांनी पाहून आले.

त्या काळी विद्वानांत मोठे भांडण चालले होते बरं का! काही म्हणत, काळा दगड समुद्राच्या पाण्यात साका बसून झाला. डॉ. जेम्स हटन म्हणत, नाही, तो जमिनीखालच्या उष्णतेने वितळलेल्या रसाचा झाला. यावर विरोधक विचारीत, मग त्याची काच का नाही झाली? वितळलेला दगड निवला की काच होते. प्रश्न बिनतोड होता. हटन हे हॉल यांच्यापेक्षा ३५ वर्षांनी मोठे. तरी हॉल यांनी त्यांचे म्हणणे लगेच मान्य केले नाही. बरीच वर्षे वाद घातला, मग पटले.

उत्तर सापडले ते लीथ गावच्या काचकारखान्यात. तिथे एकदा वितळलेली काच फार हळूहळू निवली, तर ती काच न राहता खरखरीत दगडासारखी झाली. तीच पुन्हा वितळवून झटकन थंड केली, तर पुन्हा स्वच्छ काच! म्हणजे फरक मालात नव्हता, निवण्याच्या वेळात होता.

हॉल यांना लगेच प्रयोग करायचे होते. पण हटन यांना ते पसंत नव्हते. एवढ्याशा मुशीत पाहून पृथ्वीच्या पोटातले काय कळणार, असे त्यांना वाटे. मला वाटते, त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. हॉल यांनी वडीलधाऱ्यांचा मान राखला आणि थांबले. १७९७ साली हटन वारले. मग हॉल यांनी स्कॉटलंडचा काळा दगड आणि व्हेसुव्हियस व एटना इथला लाव्हा भट्टीत वितळवला. भराभर थंड केला तर काळी काच झाली. सावकाश निवू दिला तर बारीक कणांचा दगड तयार! १७९८ साली एडिंबरोच्या विद्वानांच्या सभेत त्यांनी हे सांगितले. हटन यांची बाजू भक्कम झाली, पण ते पाहायला हटन नव्हते. मला हे वाचून फार वाईट वाटले.

असे का होते, ते साखरेवरून समजते. चिक्कीचा पाक ताटात ओतला की पटकन थिजतो, त्यात कण दिसत नाहीत. खडीसाखर मात्र कित्येक दिवस सावकाश धरते, म्हणून खडे मोठे. दगडातही कणांना जुळायला वेळ लागतो. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला. उघड्यावर तो लवकर निवला, म्हणून पाट्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. हंपीचे मोठमोठे धोंडे ग्रॅनाइटचे आहेत. तो रस खोल जमिनीत, वरच्या खडकांच्या पांघरुणाखाली फार सावकाश निवला, म्हणून त्यात पांढरे, गुलाबी, काळे कण सहज वेगळे दिसतात.

पुढे हॉल यांनी बंदुकीच्या नळीत चुनखडी कोंडून तापवली आणि तिचा संगमरवरासारखा दगड केला. नळ्या फुटायच्या, जिवाला धोका असायचा, तरी त्यांनी नाद सोडला नाही. काही वर्षे ते पार्लमेंटातही होते. २३ जून १८३२ रोजी एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.