शिकागोचा कचरा साफ करायला उतरलेल्या जेन ॲडम्सना लोकशाहीचा धडा एका भ्रष्ट नगरसेवकानं दिला

साल होतं १८९५. शिकागोच्या १९ नंबरच्या वॉर्डात पहाटे सहाला कचऱ्याच्या घोडागाड्या निघायच्या आणि त्यांच्या मागोमाग एक शिकलेली, चांगल्या घरातली बाई फिरायची. गाडी कुठं थांबते, कुठला कचरा तसाच सोडून जाते, यावर तिची नजर असायची.

या बाईंचं नाव जेन ॲडम्स. पुढं त्या अमेरिकेतल्या पहिल्या काही समाजशास्त्रज्ञांमध्ये गणल्या गेल्या. शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली अमेरिकन महिलाही त्याच.

पण त्या कचऱ्यापर्यंत पोहोचल्या कशा?

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल गावातला. वडील गिरणीमालक आणि राज्याच्या सिनेटचे सदस्य. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांची ओळख होती. जेन दोन वर्षांच्या असताना आई गेली. लहानपणी मणक्याचा क्षय झाला, त्यानं पाठ कायमची वाकली. १८८१ मध्ये कॉलेज संपलं आणि त्याच वर्षी वडील गेले. डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, पण आजारपणानं तेही सुटलं.

त्या काळात शिकलेल्या मुलीपुढं लग्न सोडलं तर फारसे रस्ते नव्हते. पुढची काही वर्षं जेन यांनी आयुष्याचं करायचं काय, याच विचारात काढली. १८८८ मध्ये लंडनला गेल्यावर त्यांनी टॉयन्बी हॉल पाहिला. विद्यापीठातली पोरं तिथं गरिबांच्या वस्तीत जाऊन राहायची. जेन यांनी ठरवलं, आपणही हेच करायचं.

सप्टेंबर १८८९ मध्ये मैत्रीण एलेन गेट्स स्टार यांना सोबत घेऊन त्यांनी शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या बंगल्यात बिऱ्हाड थाटलं. हेच ते हल हाऊस.

आजूबाजूला इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, रशियातून आलेले ज्यू अशी मजुरांची वस्ती. हल हाऊसमध्ये पाळणाघर, रात्रीचे वर्ग, वाचनालय सुरू झालं. पण नुसती सेवा करून भागणार नाही, आधी वस्ती नीट समजून घ्यायला हवी, हे तिथल्या बायकांना कळलं होतं. फ्लोरेन्स केली यांच्या पुढाकारानं घरोघरी पाहणी झाली. कुणाचा आठवड्याचा पगार किती, कोण कुठल्या देशातून आलंय, हे रंगीत नकाशांवर उतरवलं. वस्तीचा तेवढ्याशा तुकड्यात १८ राष्ट्रांचे लोक राहत होते. १८९५ मध्ये ही पाहणी पुस्तकरूपात आली. शहराचा असा अभ्यास तेव्हा अमेरिकेत नवीन होता.

त्याच वर्षी कचऱ्याचा विषय पेटला. पोरं आजारी पडत होती आणि ठेकेदार फिरकत नव्हता. जेन यांनी स्वतःच कचऱ्याच्या ठेक्यासाठी टेंडर भरलं. ते तांत्रिक कारण देऊन बाद झालं, पण महापौरांनी त्यांना वॉर्डाची कचरा इन्स्पेक्टर केलं. पगार वर्षाला १००० डॉलर. एका गल्लीत तर कचऱ्याचा थर काढता काढता १८ इंच खाली फरसबंदी रस्ता निघाला! शहरातल्या वॉर्डांमध्ये मृत्यूदरात तिसरा असलेला हा वॉर्ड सातव्या नंबरवर आला.

आता खरी गाठ होती नगरसेवक जॉनी पॉवर्सशी.

पॉवर्सचे ट्राम कंपन्यांशी लागेबांधे होते. वॉर्ड घाणीत आणि हा मजेत. हल हाऊसनं त्याच्याविरोधात उमेदवार दिले, सभा घेतल्या, भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला. १८९६ आणि १८९८, दोन्ही वेळा पॉवर्सच निवडून आला.

दुसरं कुणी असतं तर लोकच अडाणी म्हणून मोकळं झालं असतं. जेन यांनी मात्र लोक त्याला मत का देतात, याचाच अभ्यास केला.

उत्तर त्यांना वस्तीतच मिळालं. पोरगा पकडला गेला की पॉवर्स जामीन द्यायचा. नोकरी लावायचा. ख्रिसमसला टनावारी टर्की वाटायचा. कुणाच्या घरी मयत झाली की खर्चासकट हजर. उलट, हल हाऊसमध्ये सोडून दिलेलं एक तान्हं बाळ वारलं, तेव्हा जेन यांनी त्याचं दफन सरकारी खर्चानं करायचं ठरवलं. हे कळताच शेजारच्या बायका चिडून आल्या आणि वर्गणी काढून त्यांनी बाळाला रीतसर निरोप दिला. आपण वस्तीत तशा नवीनच आहोत आणि शेजाऱ्यांना अजून पुरतं ओळखलेलं नाही, हे जेन यांच्या लक्षात आलं.

पॉवर्स वाटत होता तो पैसा शेवटी ट्रामच्या तिकिटातून लोकांच्याच खिशातून जात होता, हेही त्यांनी मांडलं. पण सुधारणावाले फक्त निवडणुकीत दिसतात आणि पॉवर्स अडचणीत दिसतो, म्हणून भरवसा त्याच्यावर, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९०२ च्या ‘डेमोक्रसी अँड सोशल एथिक्स’ या पुस्तकात हा विचार सविस्तर आला.

बायकांच्या मताधिकाराचा मुद्दाही त्यांनी इथूनच उचलला. दूध, पाणी, कचरा, पोरांची शाळा ही कामं एकेकाळी घरात होती, आता ती महापालिकेकडे गेली. मग घर चालवणारीला शहराच्या कारभारात मत का नको? इलिनॉयमध्ये १९१३ ला बायकांना महापालिका आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी मत मिळालं, देशभर १९२० मध्ये.

अर्थात तडजोडी त्यांनीही केल्या. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला त्यांनी जाहीर अनुमोदन दिलं. त्याच अधिवेशनात पक्षानं दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना जागा नाकारली होती. जेन यांनी विरोध नोंदवला, पण पक्ष सोडला नाही. त्याबद्दल टीकाही झाली.

पुढं पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये हेगला भरलेल्या महिलांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. परत येऊन न्यूयॉर्कच्या भाषणात त्या म्हणाल्या की, संगिनीनं हल्ला करण्याआधी सैनिकांना दारूसारखं काहीतरी द्यावं लागतं. सैनिकांच्या शौर्याचा अपमान केला म्हणून वर्तमानपत्रं तुटून पडली. अमेरिका युद्धात उतरल्यावरही त्या विरोधातच राहिल्या. काल देवी मानणारा देश त्यांना देशद्रोही म्हणू लागला. वीस-पंचवीस वर्षांत कमावलेला विश्वास काही महिन्यांत गेला.

तो परत यायला बरीच वर्षं लागली. १९३१ चं शांततेचं नोबेल त्यांना निकोलस मरे बटलर यांच्यासोबत विभागून मिळालं. समारंभाच्या दिवशी त्या बाल्टिमोरच्या हॉस्पिटलमध्ये होत्या.

२१ मे १९३५ ला जेन ॲडम्स गेल्या. मयतीला कोण येतं यावर वस्तीचा भरवसा ठरतो, हे त्या पॉवर्सकडून शिकल्या होत्या. त्यांचं पार्थिव हल हाऊसमध्ये ठेवलं, तेव्हा हजारो लोक रांगेत उभे होते आणि त्यात हॅल्स्टेड स्ट्रीटचे शेजारी होते.