फ्रँक्लिनचें ग्रंथप्रेम

अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं १७०६ सालीं एका साबण-मेणबत्त्या करणाऱ्या गृहस्थाच्या घरीं बेंजामिन फ्रँक्लिन याचा जन्म झाला. मुलें पुष्कळ व मिळकत थोडी. म्हणून त्याची शाळा २ वर्षांतच सुटली. वाचनाची आवड मात्र सुटली नाहीं.

१२ वर्षांचा असतां तो वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार राहिला. पुस्तकविक्रेत्यांच्या उमेदवारांशीं स्नेह जोडून तो सायंकाळीं ग्रंथ उसना आणी, रात्रीं जागून वाची आणि सकाळीं जसाच्या तसा परत करी. १६ व्या वर्षाच्या सुमारास त्यानें मांसाहार सोडला व आपल्या जेवणखर्चाची निम्मी रक्कम भावाकडून रोख मागून घेतली. त्यांतूनहि निम्मी वांचवून तो पुस्तकें विकत घेई. इतर लोक जेवावयास गेले म्हणजे पावाचा तुकडा व मूठभर बेदाणे यांवर भागवून तो वाचीत बसे.

पुढें फिलाडेल्फियांत १७३१ सालीं त्यानें ५० वर्गणीदार मिळवून ग्रंथालय स्थापिलें. तें आजहि चालू आहे. ज्या ग्रंथांसाठीं त्यानें स्वतः पोटाला चिमटा घेतला, तसे ग्रंथ इतरांस अल्प वर्गणींत मिळूं लागले. १७९० सालीं तो वारला.

विद्यार्थिमित्रहो, महिनाअखेर आपल्या खाऊच्या पैशांचा हिशेब पाहा. त्यांत एका पुस्तकाची किंमत खास सांपडेल.