पत्रांवरून कीड ओळखणाऱ्या एलिनॉरबाई

शेतकरी बंधूंनो, सालीखाली भुसा दिसला, जनावराच्या पाठीवर गाठ आली, तर आपण बघतो, हळहळतो अन् पुढं जातो. ते बघितलेलं लिहून कळवा, असं कुणी म्हटलं तर? इंग्लंडात १८७७ साली एका बाईंनी तसं पत्रकच छापून वाटलं.

एलिनॉर ऑर्मेरॉड त्यांचं नाव. जन्म १८२८ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या सेडबरी पार्कच्या जमीनदार घरात. दहा भावंडांत धाकट्या. शिक्षण घरीच झालं. १८६८ मध्ये तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला शेतीच्या उपयोगी आणि उपद्रवी किड्यांचा संग्रह हवा होता. बाईंनी वाडीवरच्या गड्यांनाच किडे आणायला लावलं. शेत रोज तुडवणाऱ्याच्या नजरेची किंमत त्यांना तिथंच कळली असावी.

मग पत्रक निघालं. कीड कधी आली, काय खाल्लं, कशानं हटली, एवढंच कळवायचं. शेतकरी, माळी, रानाचे राखणदार यांची पत्रं येऊ लागली. दरसाल त्यांचा अहवाल निघे आणि कळवणाऱ्याचं नावही त्यात छापलं जाई. बरं, या कामाला पगार नव्हता. १८८२ ते १८९२ त्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या कीटक सल्लागार होत्या, त्याही मानद.

जंगलाचंच बघा. पाइनची झाडं तोडून ओंडके सालीसकट रानात पडू दिले, की एक भुंगेरा सालीखाली अंडी घालतो. नवे भुंगेरे बाहेर पडले की उभ्या झाडांचे कोवळे शेंडे पोखरतात. म्हणजे कीड वाढते आपण टाकलेल्या लाकडात! तेव्हा ओंडके वेळेवर बाहेर काढावेत, नाहीतर साल सोलावी. औषधाचा पैसाही लागत नाही. १८८१ च्या त्यांच्या पुस्तकात पिकं आणि फळझाडांबरोबर जंगली झाडांच्या किडीही आहेत.

गुरांच्या पाठीवर गाठी आणणाऱ्या माशीचंही तसंच. तिची अळी कातडीखाली वाढते, श्वासासाठी भोक पाडते आणि चामडं मातीमोल होतं. भोक दिसलं की अळी दाबून काढून मारायची, हे बाईंनी गावोगाव पोचवलं.

सगळंच बरोबर होतं असं नाही, मंडळी. फळबागेतल्या अळ्यांवर त्यांनी पॅरिस ग्रीन हे सोमलाचं विष फवारायला सांगितलं. आज ते कुणी हाती धरणार नाही. चिमणीवर तर त्यांनी डूखच धरला. दाणे खाते म्हणून मारा म्हणाल्या, आणि पक्षिप्रेमींनी त्यांना चांगलंच झोडपलं. बाई मागं हटल्या नाहीत, हे मात्र आम्हाला पटत नाही.

१९०० मध्ये एडिनबरा विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तिथं हा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. त्याच सालचा अहवाल शेवटचा ठरला. जुलै १९०१ मध्ये सेंट अल्बन्स इथं त्या वारल्या.